‘कितवा’ हे काही नाव नव्हे!



शाळेत तुमची ओळख किती प्रकारांनी सांगता येते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? प्रार्थनेच्या रांगेत तुम्ही सातवे उभे असाल. वर्गात खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर तुमची जागा असेल. हजेरीपटावर तुमचा क्रमांक २३ असेल. शिवाय तुमचे नाव शाळेत दाखल झाले तेव्हा जनरल रजिस्टरमध्ये तुम्हांला एक क्रमांक मिळालेला असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो येतो. ह्या चारही खुणा तुमच्याच. पण त्यांची किंमत सारखी नाही. पुढचा एखादा मुलगा गैरहजर राहिला की रांगेतला सातवा सहावा होतो. बाक गुरुजींनी बदलला की बदलतो. हजेरी क्रमांक वर्षभर टिकतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक मात्र तुम्ही त्या शाळेत असेपर्यंत तोच राहतो.

आता समजा, मुख्याध्यापकांनी सोमवारी एक चिठ्ठी लिहून ठेवली : ‘रांगेतल्या सातव्या मुलाला बक्षीस द्यावे.’ मंगळवारी शिपाईमामांनी ती चिठ्ठी हाती घेऊन रांगेतला सातवा मुलगा मोजून काढला. बक्षीस कोणाच्या हाती पडेल? ‘अशी चिठ्ठी कोण शहाणा लिहील?’ असे तुम्ही म्हणाल. पण संगणकाच्या जगात अशा चिठ्ठ्या वर्षानुवर्षे लिहिल्या गेल्या आणि आजही लिहिल्या जातात. त्यांत पुष्कळदा बक्षिसाऐवजी ‘सर्व काही पुसून टाकावे’ असा हुकूम असतो!

संगणकाला जोडलेल्या यंत्रांना नावे कशी द्यावीत, हा प्रश्न वरवर पाहता फक्त तंत्रज्ञांचा वाटतो. माझ्या मते तो संगणकाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : यंत्र कितवे सापडले यावरून त्याला दिलेले नाव हे खरे नावच नव्हे, ते कायमच्या लिखाणात वापरू नये, आणि त्यापायी चूक झाली तर सगळा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारू नये. हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी आधी नावाची गरज का पडते ते पाहू.

यंत्राला नाव कशासाठी?

संगणकाच्या पेटीत आणि पेटीबाहेर कितीतरी यंत्रे असतात. हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, कळफलक, छपाईयंत्र, इंटरनेटशी जोडणारे नेटवर्क कार्ड. ह्या सर्वांशी बोलण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. ‘ही फाइल पेनड्राइव्हवर ठेव’ असे तुम्ही सांगता तेव्हा दोन पेनड्राइव्हांपैकी नेमका कोणता, हे सांगायला नाव लागतेच.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचायला घेतली. तिच्यात एक सुरेख कल्पना होती. प्रत्येक यंत्र हे एखाद्या फाइलसारखे दिसावे, म्हणजे फाइल वाचणारा साधा प्रोग्रॅमही यंत्राशी बोलू शकेल. अशा सर्व यंत्र-फाइली ‘डेव्ह’ नावाच्या एका डिरेक्टरीत ठेवलेल्या असतात. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीनेही हीच पद्धत घेतली.

गंमत अशी की, प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ‘डेव्ह’मधल्या ह्या नावांशी फारसे कर्तव्य नसते. प्रत्येक यंत्र-फाइलीमागे दोन आकडे असतात. पहिला सांगतो की हे यंत्र कोणत्या जातीचे, कोणता चालक-प्रोग्रॅम त्याचे काम पाहतो. दुसरा सांगतो की त्या जातीतले हे नेमके कोणते. कर्नलचे काम ह्या दोन आकड्यांवर भागते. नाव असते ते माणसांसाठी आणि माणसांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमांसाठी. मग ते माणसाच्या उपयोगी पडायला नको का?

जागेवरून आणि क्रमावरून

लिनक्सच्या पहिल्या काळात घरगुती संगणकांत आयडीई पद्धतीच्या हार्ड डिस्क असत. संगणकाच्या मुख्य पाटीवर दोन चपट्या तारांची जोडणी असे आणि प्रत्येक तारेवर दोन डिस्क बसत. म्हणजे जागा एकूण चार. लिनक्समध्ये त्यांची नावे ठरलेली होती : पहिल्या तारेवरची मुख्य डिस्क एचडीए, तिची जोडीदार एचडीबी, दुसऱ्या तारेवरची मुख्य डिस्क एचडीसी आणि तिची जोडीदार एचडीडी. एचडीबीची जागा रिकामी असली तरी एचडीसीचे नाव एचडीसीच राही. हे नाव बाकासारखे होते. बाकावर कोण बसले आहे ते त्यावरून कळत नसे, पण बाक हलत नसे.

मोठ्या संगणकांत स्कझी पद्धतीच्या डिस्क असत आणि तेथे नाव देण्याची तऱ्हा निराळी होती. जी डिस्क आधी सापडेल ती एसडीए, नंतरची एसडीबी, मग एसडीसी. सव्वीस अक्षरे संपली की एसडीएए. एसडीए काढून घेतली आणि संगणक पुन्हा सुरू केला की कालची एसडीबी आज एसडीए होई. हे झाले रांगेतले सातवेपण!

पुढे पेनड्राइव्ह आले, नव्या साटा पद्धतीच्या डिस्क आल्या आणि लिनक्समध्ये ह्या सर्वांची गणना एसडी याच कुळात झाली. जुन्या आयडीई डिस्कही कालांतराने त्याच कुळात गेल्या आणि एचडी नावे देणारा जुना चालक-प्रोग्रॅम २०२१ साली लिनक्सच्या ५.१४ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. बाकावरून ओळखली जाणारी मंडळी अशी रांगेत येऊन उभी राहिली. त्यात भर म्हणजे संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून कर्नल अनेक यंत्रांचा शोध एकाच वेळी घेऊ लागला. जे यंत्र आधी उत्तर देईल ते पहिले. एखादी डिस्क आज किंचित उशिरा जागी झाली, तर पेटीतला एकही स्क्रू न हलवता नावे बदलू शकतात.

हा केवळ लिनक्सचा दोष आहे असे समजू नका. डॉस आणि विंडोज प्रणालींत डिस्कला अक्षरे देतात. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असल्यामुळे हार्ड डिस्क सी पासून सुरू झाली. डॉस आधी प्रत्येक डिस्कवरील मुख्य विभागाला अक्षर देई आणि मग उरलेल्या उपविभागांना. समजा, तुमच्या एकाच डिस्कचे दोन भाग आहेत, सी आणि डी. तुम्ही दुसरी डिस्क आणून बसवली. तिचा मुख्य विभाग डी झाला आणि तुमचा जुना डी हलून ई झाला! डी वर ठेवलेले प्रोग्रॅम आपले घर शोधत नव्या, रिकाम्या डिस्कवर जात. विंडोज २००० पासून ही प्रणाली डिस्कवरील खूण आणि तिला दिलेले अक्षर यांची जोडी आपल्या नोंदवहीत लिहून ठेवू लागली, तेव्हा हा घोळ बराच कमी झाला.

बिघडते कुठे?

‘नाव बदलले तर बदलले, त्यात एवढे काय?’ असे कोणी विचारील. तीन उदाहरणे पाहा.

पहिले. लिनक्समध्ये एफएसटॅब नावाची एक फाइल असते. संगणक सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी तिच्यात असते. तिच्यात ‘एसडीबीचा पहिला विभाग’ असे लिहून ठेवले आणि एके सकाळी एसडीबी ही एसडीसी झाली, तर संगणक सुरू होता होता अडून बसतो किंवा भलतीच डिस्क भलत्या जागी जोडतो. लिहिणाऱ्याने काही चुकीचे लिहिले नव्हते. ज्या दिवशी लिहिले त्या दिवशी ते खरेच होते.

दुसरे. एका पेटीत दोन नेटवर्क कार्डे आहेत. एक बाहेरच्या इंटरनेटकडे तोंड करून आणि दुसरे शाळेच्या आतल्या संगणकांकडे. पूर्वी लिनक्स त्यांना सापडतील त्या क्रमाने ईटीएच ० आणि ईटीएच १ अशी नावे देई. ‘ईटीएच ० कडून येणाऱ्या कोणालाही आत घेऊ नकोस’ असा पहारेकऱ्याला, म्हणजे फायरवॉलला, हुकूम दिलेला असतो. दोन नावांची अदलाबदल झाली तर काय होईल? पहारेकरी घरच्यांना दाराशी अडवील आणि परक्यांना सलाम ठोकील.

तिसरे उदाहरण सर्वांत वाईट. लिनक्समध्ये डीडी नावाची एक आज्ञा आहे. एका ठिकाणची माहिती जशीच्या तशी दुसऱ्या ठिकाणी उतरवणे हे तिचे काम. पेनड्राइव्हवर नवी प्रणाली चढवताना ती वापरतात. तुम्हांला अधिकार असेल तर ‘एसडीबीवर लिही’ म्हटल्यावर ती ‘खात्री आहे ना?’ असे एका शब्दानेही विचारत नाही. एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह असे धरून चाललेल्या मुलासमोर आज एसडीबी म्हणजे दुसरी हार्ड डिस्क असेल, तर वर्षभराचे प्रकल्प, गुणपत्रके, छायाचित्रे यांवर काही मिनिटांत पाणी फिरते.

‘नीट लक्ष द्या’ हा उपाय नव्हे

असे काही घडले की काय होते? ज्याच्या बोटाने ती कळ दाबली गेली त्याला बोलणी बसतात. ‘लक्ष कुठे होते तुझे?’ मुलगा ओशाळतो आणि पुढे कित्येक महिने त्या काळ्या पडद्याकडे फिरकत नाही. हा प्रकार मला चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखा वाटतो.

सावधपणा नको असे मी म्हणत नाही. सावध राहिलेच पाहिजे. पण जे नाव काल एका वस्तूचे होते आणि आज दुसऱ्या वस्तूचे झाले, ते माणसाने कितीही लक्ष देऊन वाचले तरी त्यातून सत्य कसे दिसणार? अक्षरे तीच आहेत, वस्तू बदलली आहे. औषधाच्या दुकानातील बाटल्यांवर औषधाचे नाव न लिहिता ‘डावीकडून चौथी’ एवढेच लिहिले, तर चूक झाल्यावर आपण दुकानातल्या नोकराला दोष देऊ की चिठ्ठ्या लावणाऱ्याला? नाव टिकवून धरणे ही नाव देणाऱ्याची, म्हणजे प्रणाली रचणाऱ्याची, जबाबदारी आहे. लक्षात ठेवण्याचे काम यंत्राला माणसापेक्षा चांगले जमते. मग ते ओझे माणसाच्या डोक्यावर का द्यावे?

तीन खरे प्रश्न : कोण? कुठे? आत काय?

सुदैवाने प्रणाली रचणाऱ्यांनी हा विचार केलेला आहे. २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिनक्ससाठी युडेव्ह हा कार्यक्रम पुढे आणला. त्याआधी डेव्हएफएस नावाची एक योजना होती. तीत नावे ठरवण्याचे काम कर्नलच्या पोटातच होई. युडेव्हने ते बाहेर काढले. नवे यंत्र सापडले की कर्नल फक्त दवंडी पिटतो : ‘अमुक यंत्र आले हो!’ युडेव्ह ती ऐकतो, यंत्राची चौकशी करतो आणि नियमांच्या यादीप्रमाणे त्याला नावे देतो. नियम बदलायचा तर कर्नलला हात लावावा लागत नाही. साधी मजकुराची फाइल बदलली की झाले. २०१२ साली युडेव्ह हा सिस्टिमडी या मोठ्या प्रकल्पात सामील झाला.

युडेव्ह एकाच डिस्कला अनेक नावे देतो आणि मला सर्वांत आवडते ते हेच. ‘डेव्ह’ डिरेक्टरीत डिस्कसाठी एक कप्पा असतो. त्यात पुढील उपकप्पे दिसतात.

बाय-आयडी : येथे डिस्कच्या कारखान्याने दिलेले मॉडेल आणि अनुक्रमांक यांवरून नाव असते. हे ‘कोण?’चे उत्तर. डिस्क कोणत्याही भोकात खुपसा, नाव तेच.

बाय-पाथ : येथे डिस्क कोणत्या मार्गाने, कोणत्या जागी जोडली आहे यावरून नाव असते. हे ‘कुठे?’चे उत्तर. त्या जागी दुसरी डिस्क बसवली तर हे नाव तिला मिळते.

बाय-यूयूआयडी : येथे डिस्कवर आखलेल्या फाइल-व्यवस्थेची खूण हेच नाव असते. हे ‘आत काय?’चे उत्तर. यूयूआयडी म्हणजे १२८ बिटांची संख्या. ती ८, ४, ४, ४ आणि १२ अशा पाच गटांत, एकूण ३२ षोडशमान अंकांनी लिहितात. ती यदृच्छेने काढली, तर १२८ पैकी १२२ बिट मोकळे असतात, म्हणजे सुमारे ५ वर ३६ शून्ये इतक्या निरनिराळ्या संख्या निघू शकतात. म्हणूनच जगात कोणाला न विचारता खूण काढली तरी ती दुसऱ्या कोणाशी जुळण्याची भीती नाही म्हटले तरी चालेल. पेनड्राइव्हवरच्या फॅट पद्धतीत मात्र खूण ३२ बिटांचीच, म्हणजे ८ अंकांची असते. तरी तिच्यातही सुमारे ४२९ कोटी शक्यता आहेत.

बाय-लेबल : हे तुम्ही स्वतः ठेवलेले नाव, म्हणजे बारशाचे नाव. लिनक्सच्या एक्स्ट ४ पद्धतीत त्यासाठी १६ बाइट जागा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेते. त्यामुळे ‘भूगोल’ हे नाव १५ बाइटांत बसते, पण ‘विज्ञान’ बसत नाही! कारण काय ते चिन्हे मोजून पाहा.

आता पाहा, यांपैकी कोणते नाव श्रेष्ठ? माझे उत्तर असे की, हा प्रश्नच अपुरा आहे. काम कोणते यावर नाव ठरते. ‘माझे प्रकल्प जिच्यात आहेत ती डिस्क जोड’ असे सांगायचे असेल तर ‘आत काय’ महत्त्वाचे. डिस्कच्या दुरुस्तीची नोंद ठेवायची असेल तर ‘कोण’ महत्त्वाचे. वरच्या कप्प्यातली बंद पडलेली डिस्क काढून तेथे नवी बसवायची असेल तर ‘कुठे’ महत्त्वाचे. शाळेतही परीक्षेच्या वेळी बाक महत्त्वाचा असतो आणि दाखल्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक. ‘कितवा’ हा प्रश्न मात्र मोजदाद करण्यापलीकडे कुठेच कामाचा नाही.

आक्षेप आणि उत्तरे

ह्या विचाराला विरोध झाला नाही असे नाही. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीने नेटवर्क कार्डांची नावे जागेवरून द्यायला सुरुवात केली. ईटीएच ० च्या जागी ईएनपी२एस० असे काहीतरी दिसू लागले. ईएन म्हणजे इथरनेट, पी२ म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा मार्ग, एस० म्हणजे त्यावरची शून्य क्रमांकाची खाच. पुष्कळांनी नाके मुरडली. ‘माझ्या संगणकात एकच कार्ड आहे, त्याला हे अगडबंब नाव कशाला?’ तक्रार अगदीच चुकीची नाही. ज्या घरात एकच मूल आहे तेथे ‘बाळ’ म्हटले की पुरते. पण दुसरे मूल आले की बाळ म्हणजे कोण, हा प्रश्न येतोच, आणि प्रणालीला आधी ठाऊक नसते की कोणत्या घरात किती मुले होणार. म्हणून आरंभी सावध नाव असावे आणि माणसाला हवे तर त्याने स्वतःचे सुटसुटीत नाव ठेवावे, हाच मार्ग मला योग्य वाटतो. तशी सोय आहेही. एका छोट्या फाइलीत कार्डाचा पत्ता आणि आपल्याला हवे ते नाव लिहिले की झाले. ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ अशा अर्थाची नावे ठेवली तर फायरवॉलचे नियम वाचतानाच कळतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ही नावे तरी पुरती अढळ कुठे आहेत? खरे आहे. संगणकात एखादे नवे कार्ड बसवले तर आतल्या मार्गांचे क्रमांक बदलू शकतात आणि जागेवरून दिलेले नावही हलते. एखादी डिस्क बिट-बिट उतरवून तिची हुबेहूब प्रत केली तर यूयूआयडीचीही प्रत होते. मग एकाच खुणेच्या दोन डिस्क एकाच संगणकाला जोडल्या, तर जुळ्या भावांसारखी फसगत होते. नेटवर्क कार्डाला कारखान्यातून ४८ बिटांचा पत्ता मिळतो. त्यातले पहिले २४ बिट उत्पादकाचे आणि उरलेले त्या कार्डाचे. त्यावरून ईएनएक्स हे उपपद आणि पुढे १२ अंक असे १५ चिन्हांचे नाव देता येते, आणि लिनक्समध्ये अशा नावाची कमाल लांबीही १५ चिन्हेच आहे! पण कार्ड जळाले आणि नवे बसवले की तो पत्ता गेला. तात्पर्य, प्रत्येक नावाला एक आधार असतो आणि आधार बदलला की नाव बदलते. फरक एवढाच की, येथे नाव का बदलले याचे कारण आपल्याला सांगता येते. क्रमावरून दिलेले नाव विनाकारण बदलते.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी आहे. कायमचे नाव सर्वांना दिसले तर कोणीही आपला माग काढू शकतो. म्हणून अँड्रॉइड १० ने २०१९ मध्ये आणि आयओएस १४ ने २०२० मध्ये, फोनने निरनिराळ्या वायफाय जाळ्यांना निरनिराळे, यदृच्छेने काढलेले पत्ते सांगावेत, ही सोय आपोआप चालू ठेवली. आपल्या घरात आपले नाव पक्के असावे. पण रस्त्यावर भेटेल त्याला ते सांगितलेच पाहिजे असे नाही.

तुमच्या प्रयोगशाळेत

२०१६ पासून नीती आयोगाच्या अटल नवप्रवर्तन मोहिमेतून अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. तुमच्या शाळेत अशी लॅब असेल तर आर्डुइनोची पाटी तुम्ही हाताळली असेल. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली जन्मलेली ही छोटी पाटी यूएसबी तारेने संगणकाला जोडतात. समजा, एक पाटी तापमान मोजते आणि दुसरी पंखा चालवते. लिनक्समध्ये स्वस्त पाट्यांना टीटीवाय-यूएसबी ० आणि टीटीवाय-यूएसबी १ अशी नावे मिळतात, आणि ओळखलेत ना? पुन्हा ‘कितवा’! तारा उलट क्रमाने जोडल्या तर पंख्याचा हुकूम तापमापकाकडे जातो आणि प्रदर्शनाच्या दिवशीच प्रयोग रुसतो.

विंडोजमध्ये ह्या जोडणीला कॉम ३, कॉम ४ असे क्रमांक असतात. ज्या पाटीला स्वतःचा अनुक्रमांक आहे तिचा कॉम क्रमांक विंडोज लक्षात ठेवते. म्हणून वर्गातल्या सगळ्या पाट्या एकाच संगणकाला लावून पाहिल्या की क्रमांक वाढत वाढत कॉम २० च्याही पुढे जातो. त्यात बिघाड काही नाही. विंडोज प्रत्येक पाटीला ओळखते आहे एवढेच. पण सीएच३४० ही स्वस्त चिप असलेल्या पाट्यांत सहसा वेगळा अनुक्रमांक नसतो. त्यांना ‘कोण?’ विचारून उपयोग नाही. सर्व एकच उत्तर देतात. तेथे ‘कुठे?’ विचारावे. यूएसबीच्या प्रत्येक भोकाशेजारी चिकटपट्टी लावून ‘तापमान’, ‘पंखा’ असे लिहावे, पाटीवरही तेच लिहावे आणि लिनक्समध्ये बाय-पाथ नाव वापरावे. दहा पैशांची चिकटपट्टी दहा तासांचा मनस्ताप वाचवते.

एक प्रयोग करून पाहा. लिनक्स असलेल्या संगणकाला दोन निरनिराळे पेनड्राइव्ह एकामागून एक लावा. एलएसबीएलके ही आज्ञा द्या. ती फक्त यादी दाखवते, काही लिहीत नाही, म्हणून भीती नाही. कोणत्या पेनड्राइव्हला कोणते नाव मिळाले ते त्याच्या आकारमानावरून वहीत लिहा. दोन्ही सुरक्षितपणे काढा आणि उलट क्रमाने लावा. पुन्हा यादी पाहा. नंतर बाय-आयडी आणि बाय-पाथ हे कप्पे उघडून तेथील नावांची तुलना करा. काय बदलले आणि काय टिकले, याचा तक्ता करा. तो तक्ता ह्या लेखापेक्षा अधिक पटवून देईल.

शिक्षकांना विनंती

शिक्षकमित्रहो, ‘पहिल्या डिस्कचे नाव एसडीए असते’ किंवा ‘पेनड्राइव्ह म्हणजे ई’ अशी वाक्ये मुलांकडून पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी ‘हे नाव कशावरून आले आणि केव्हा बदलेल?’ असा प्रश्न परीक्षेत विचारा. पुसणारी कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी आकारमान, मॉडेल आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचण्याची सवय लावा. कायमच्या फाइलीत क्रमावरचे नाव दिसले तर तेथे लाल शाईने खूण करा, जशी शुद्धलेखनाच्या चुकीवर करता. आणि एखाद्याच्या हातून भलती डिस्क पुसली गेलीच, तर रागावण्यापूर्वी एक गोष्ट पाहा : त्याच्यासमोरच्या नावाने त्याला खरे सांगितले होते का?

मित्रांनो, विज्ञानाची अर्धी प्रगती वस्तूंना नीट नावे ठेवण्यातून झाली आहे. रसायनशास्त्रात मूलद्रव्याचा अणुक्रमांक तो कोणत्या वर्षी सापडला यावरून ठरत नाही. त्याच्या अणुकेंद्रात किती प्रोटॉन आहेत यावरून ठरतो. म्हणून तो पक्का. तुम्ही उद्या प्रोग्रॅम लिहाल, यंत्रे बनवाल, कदाचित एखादी प्रणालीही रचाल. त्या वेळी नाव देण्यापूर्वी वस्तूला आधी विचारा : तू कोण? तू कुठे? तुझ्यात काय? आणि तिने ‘मी तिसरी’ एवढेच उत्तर दिले, तर तिला नाव देण्याची घाई करू नका. आणखी चौकशी करा.